पेटी, माइक, लॅपटॉप आणि मधल्या वायरी

मावसभावाने लॉकडाऊनमध्ये माइक मागवला होता, चांगला कंडेन्सर माइक, स्टँड, तोंडासमोर लावायची ती गोल जाळी, सगळं. आणि सोबत एक वायर, जिच्या एका टोकाला कॅनन पिन, म्हणजे माइकची ती तीन दातांची, आणि दुसऱ्या टोकाला मोबाइलच्या हेडफोनला असते तशी ईपी पिन. लॅपटॉपच्या भोकात ती पिन बरोब्बर बसली, टक्क आवाज पण आला, आणि रेकॉर्डिंग केलं तर शांतता. मग मला फोन, की माइक खराब निघाला रे दादा, परत पाठवू का. माइक ठणठणीत होता. पिन बसली म्हणजे जोडणी झाली असं त्याला वाटलं होतं आणि त्यात त्याची काही चूक नाही, आपल्या सगळ्यांना तसंच वाटतं. पण भोकाचा आकार एक गोष्ट आणि त्यातून काय वाहतंय ही दुसरी, आणि घरच्या रेकॉर्डिंगमधली बरीचशी डोकेदुखी ह्या दोन गोष्टी एक समजल्यामुळे होते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी रस्ता समजून घ्या. तुम्ही गाता किंवा पेटी वाजवता, माइक त्याची अगदी बारीकशी वीज करतो, इतकी बारीक की तिला आधी मोठं करावं लागतं. मग त्या विजेचे आकडे करावे लागतात कारण कॉम्प्युटरला आकडेच कळतात. मग ते आकडे कॉम्प्युटरमध्ये जातात, सॉफ्टवेअर ते लिहून ठेवतं आणि परत तुमच्या कानापर्यंत पाठवतं, म्हणजे पुन्हा आकड्यांची वीज आणि विजेचा आवाज. ही मधली कामं जो डबा करतो त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, फोकसराइट स्कार्लेट किंवा बेहरिंगर यूएमसी वगैरे जे डबे तुम्ही पाहिले असतील ते हेच. म्हणजे जोडण्या तीन: माइक ते डबा, डबा ते कॉम्प्युटर, आणि परत कानापर्यंत. काही बिघडलं की आधी विचारायचं, ह्या तिघांतली कुठली?

आता भावाच्या माइकचं काय झालं ते. कंडेन्सर माइकला स्वतःला चालायला वीज लागते, ४८ व्होल्ट, आणि ती त्याच कॅननच्या वायरीतून वर जाते, ह्याला फँटम पॉवर म्हणतात. लॅपटॉपचं हेडफोनचं भोक माइकला देतं दोन-तीन व्होल्ट, तेही कॉलर माइक किंवा इअरफोनच्या छोट्या माइकसाठी. शिवाय आजकालच्या लॅपटॉपला एकच भोक असतं, हेडफोन आणि माइक दोन्हीचं, त्याला तीन काळ्या रिंगांची पिन लागते, भावाच्या वायरीला होत्या दोन. म्हणजे लॅपटॉपला वाटलं कोणीतरी हेडफोन लावलाय. माइक बिचारा उपाशी आणि लॅपटॉप त्याला गाणी ऐकवतोय.

माइक ते डबा

इथे तीन पिना ओळखता आल्या की काम झालं. आपल्याकडे साउंडवाले ज्याला कॅनन म्हणतात ती एक्सएलआर, तीन दातांची, माइकची पिन. पी-३८ म्हणतात ती जाडी, गिटारच्या वायरीची, ६.३५ मिलिमीटरची. आणि ईपी म्हणजे मोबाइलची बारीक, ३.५ मिलिमीटर. पी-३८ मध्ये पुन्हा मोनो आणि स्टिरिओ, एक काळी रिंग म्हणजे मोनो, दोन म्हणजे स्टिरिओ. दुकानदार स्टिरिओ म्हणतो म्हणून त्यातून डावा-उजवा आवाजच जातो असं नाही बरं का, तीच दोन रिंगांची पिन एकाच आवाजाची बॅलन्स्ड वायर म्हणूनही वापरतात.

बॅलन्स्ड म्हणजे काय ते एकदा कळलं की कॅननचं महत्त्व पटतं. आत आवाजाच्या दोन तारा असतात आणि वर एक जाळीचं आवरण. दुसऱ्या तारेतला सिग्नल पहिलीच्या बरोबर उलटा असतो. वाटेत पंख्याच्या रेग्युलेटरची, ट्यूबलाइटची, मोबाइलची जी काय घरघर शिरते ती दोन्ही तारांत सारखीच शिरते, आणि डबा शेवटी एकातून दुसरी वजा करतो, त्यामुळे सारखी असलेली घरघर जाते आणि उलटा असलेला आवाज दुप्पट होऊन उरतो. फार हुशारीची गोष्ट आहे ही, आणि म्हणूनच मांडवात माइकची वायर वीस-तीस मीटर लांब असली तरी चालते आणि गिटारची साधी मोनो वायर पाच-सहा मीटरच्या पुढे गेली की कुरकुरायला लागते.

डब्याच्या तोंडावर बहुतेक वेळा कॉम्बो भोक असतं, त्यात बाहेरून कॅनन बसते आणि मधोमध पी-३८ पण बसते. भोक एक, पण आत रस्ते वेगवेगळे! कॅननवरून आलं की डबा समजतो माइक आहे, खूप मोठं करायचंय. पी-३८ वरून आलं की समजतो लाइन आहे, म्हणजे आधीच मोठा केलेला आवाज, किंवा गिटार आहे. आपल्याकडे भजनी मंडळात वापरतात ते साधे डायनॅमिक माइक, म्हणजे ज्यांना स्वतःला वीज लागत नाही ते, येतात तेव्हा त्यांच्यासोबत एक वायर मिळते, माइकच्या बाजूला कॅनन आणि दुसऱ्या बाजूला पी-३८ मोनो, कारण ती ॲम्प्लिफायरला लावायची असते. तीच वायर लोक इंटरफेसला लावतात आणि मग म्हणतात आवाज फारच बारीक येतोय, गेन, म्हणजे डब्यावरची आवाज मोठा करायची चावी, फुल केला तरी खसखस ऐकू येते. माइक तोच ठेवा, फक्त वायर दोन्हीकडे कॅननची घ्या, आवाज एकदम उघडेल. माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींतल्या तीन-चार तरी ह्याच असतात.

डब्यावर इन्स्ट किंवा हाय-झी असं बटण असेल तर ते इलेक्ट्रिक गिटार किंवा वाद्याला चिकटवायच्या पिकअपसाठी. कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, मिक्सर हे सगळं लाइन, तेव्हा ते बटण बंद. फँटमचं ४८ व्ही लिहिलेलं बटण कंडेन्सरसाठी चालू, आधी वायर लावायची, हेडफोन आणि स्पीकर कमी करायचे, मग बटण दाबायचं. शुअरचा एसएम५८ सारखा डायनॅमिक माइक कॅननच्या नीट वायरीने लावलेला असताना चुकून फँटम चालू राहिला तर काही होत नाही, घाबरू नका. जुना रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) असेल तर मात्र तो बिघडू शकतो, आधी फँटम बंद आहे ना ते बघा.

गेन किती ठेवायचा? तबल्यावर जोरात थाप मारून किंवा तुमची सगळ्यात चढी जागा गाऊन बघा, मीटरचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिलं पाहिजे. २४ बिटमध्ये, म्हणजे आवाजाचा प्रत्येक आकडा शून्य-एकच्या २४ घरांत लिहून, रेकॉर्ड करताना आवाज थोडा कमी आला तर नंतर वाढवता येतो, पण लाल दिव्यापर्यंत गेलेला फाटका आवाज कोणीही शिवून देऊ शकत नाही.

डबा ते कॉम्प्युटर

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे उगाच घालवतात. दुकानात सांगतात यूएसबी-सी आहे म्हणजे फास्ट आहे, जुना चौकोनी यूएसबीवाला घेऊ नका. जरा हिशोब करू. एका माइकचा आवाज ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८,००० वेळा मोजून, आणि २४ बिटने घेतला तर सेकंदाला ४८,००० गुणिले २४, म्हणजे साडेअकरा लाखांच्या आसपास बिट्स. दोन माइक आत आणि दोन कान बाहेर धरले तर सेहेचाळीस लाख. आणि यूएसबी २.०, जे २००० साली आलं, त्याचा कागदावरचा वेग सेकंदाला ४८ कोटी बिट्स. प्रत्यक्षात तेवढा मिळत नाही हे मान्य, तरी घरच्या दोन माइकसाठी तो समृद्धी महामार्गावर एक सायकल सोडण्यासारखा प्रकार आहे. म्हणून आजही कितीतरी इंटरफेस मागे यूएसबी-सीचं भोक असलं तरी आतून यूएसबी २.० च बोलतात आणि त्यात फसवणूक काही नाही, त्यांना तेवढंच पुरतं. यूएसबी-सी हे भोकाच्या आकाराचं नाव, वेगाचं नाही. मागे चौकोनी भोक असेल तर ती यूएसबी-बी, आपण जिला प्रिंटरची वायर म्हणतो तीच, आणि घरात जुना प्रिंटर असेल तर सुटी वायर पण सापडेल.

यूएसबी-सीच्या वायरींची मात्र एक गंमत आहे. दिसायला सगळ्या सारख्या, पण काही स्वस्त वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या ताराच नाहीत. इंटरफेसचा दिवा लागतो, सगळं चालू दिसतं आणि कॉम्प्युटरला मात्र डबा सापडतच नाही. मी एकदा अख्खी संध्याकाळ ड्रायव्हर (कॉम्प्युटरला डबा ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर) काढ, ड्रायव्हर घाल करत बसलो होतो आणि शेवटी बायकोने विचारलं ही वायर पॉवरबँकची नाही का. होती. तेव्हापासून डब्यासोबत आलेल्या वायरीला रंगीत टेप लावून ठेवतो आणि घरात कोणालाच तिने फोन चार्ज करू देत नाही.

वायर लहान ठेवा, यूएसबी २.० साठी पाच मीटर ही मर्यादा आहे पण दीड-दोन मीटर पुष्कळ झाली, लांब जायचंच असेल तर माइकची कॅनन लांब करा, यूएसबी नाही. डबा थेट लॅपटॉपला लावा, हबमध्ये माउस, पेनड्राइव्ह, फोन आणि त्यातच इंटरफेस असं नको. कारण बहुतेक छोटे डबे वीज यूएसबीतूनच घेतात, साध्या यूएसबी २.० भोकातून मिळतात ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर म्हणजे अडीच वॉट, त्यातच डबा चालायचा, हेडफोन चालायचा आणि फँटमचे ४८ व्होल्टही त्यातूनच तयार व्हायचे. साध्या हबवर ती वीज वाटली जाते आणि मग मधेच कर्रर्र आवाज येतो किंवा डबा गायबच होतो. हब लागतोच असेल, नव्या मॅकबुकवाल्यांना लागतो, तर स्वतःचा ॲडॉप्टर असलेला घ्या.

थंडरबोल्ट म्हणजे विजेचं चिन्ह असलेलं भोक. २०११ मध्ये आलं, आणि २०१५ च्या थंडरबोल्ट ३ पासून त्याचा आकार पण यूएसबी-सीचाच झाला, बसा बोंबलत. लक्षात एवढंच ठेवायचं की थंडरबोल्टच्या भोकात यूएसबीचा डबा चालतो, पण फक्त थंडरबोल्टचा डबा साध्या यूएसबी-सी भोकात चालत नाही. घरी पेटी, तबला, गाणं करणाऱ्याला थंडरबोल्टची गरज नाही, सोळा माइक लावून अख्खा बँड घेणार असाल किंवा डब्यातल्याच प्रोसेसरवर इफेक्ट चालवायचे असतील तर विचार करा.

आणि जुन्या बाजारात फायरवायर नावाच्या जुन्या जोडणीचे इंटरफेस फार स्वस्तात मिळतात, एके काळी लाखाच्या घरातला माल आता मोबाइलच्या किमतीत, हात शिवशिवतात. घेऊ नका. नव्या लॅपटॉपला ते भोक नसतं, एकाला दुसरा आणि दुसऱ्याला तिसरा ॲडॉप्टर जोडत जावं लागतं आणि एवढं करून ड्रायव्हर जुन्या विंडोजवरच अडकलेला असतो.

यूएसबी माइक हा वेगळा प्रकार, त्याच्या पोटातच छोटा इंटरफेस असतो. एकट्या माणसाला, पॉडकास्टला, रियाज रेकॉर्ड करून गुरुजींना पाठवायला उत्तम. पण एक गाणारा आणि एक तबलजी म्हणून दोन यूएसबी माइक घेतले की घोळ सुरू. प्रत्येक माइकचं स्वतःचं घड्याळ असतं, दोन्ही म्हणतात आम्ही सेकंदाला ४८,००० मोजतो पण दोघांचं सेकंद केसभर वेगळं असतं. पाच मिनिटांच्या बंदिशीत तबला हळूहळू गाण्यापासून सरकायला लागतो, आणि समेवर येणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. शिवाय विंडोजवर बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर एका वेळी एकच डबा धरतं. मॅकवर दोन डबे एकत्र करायची सोय आहे, ॲग्रिगेट डिव्हाइस म्हणून, त्यात घड्याळांचा फरक सावरायची खूण पण करता येते. तरी माझं म्हणणं, दोन माणसं असतील तर दोन साधे माइक आणि दोन कॅननवाला एकच डबा. आणि दोन इनपुट लिहिलेला डबा घेताना कॅनन किती आहेत ते मोजा, काहींत एक कॅनन आणि एक गिटारचं असतं.

आत गेल्यावर

डबा लावला की आधी त्या कंपनीचा ड्रायव्हर टाका आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे तो डबा निवडा. हे लोक विसरतात, आणि समोर माइक लावून लॅपटॉपच्या पडद्यावरच्या टाचणीएवढ्या माइकवर अख्खं गाणं रेकॉर्ड करतात. ओळखायची सोपी युक्ती, माइकवर नखाने हलकं टकटक करा आणि मग लॅपटॉपवर करा, जिथे मीटर उडेल तो चालू माइक. विंडोजवर कंपनीचा असिओ ड्रायव्हर (रेकॉर्डिंगसाठीचा, कमी उशीर करणारा) असेल तर तोच, नसेल तर असिओफॉरऑल नावाचा फुकट मिळतो त्यावर काम भागतं. मॅकमध्ये कोअर ऑडिओ आधीपासून असतं. मीटर अजिबातच हलत नसेल तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये त्या सॉफ्टवेअरला माइकची परवानगी दिली आहे का बघा, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे ही भानगड आहे.

आणि आपल्या संगीतवाल्यांसाठी खास: आवाज सुधारणारी, नॉइज घालवणारी जी काही सेटिंग असतील ती सगळी बंद करा. ती बोलण्यासाठी बनवलेली असतात आणि सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा असं त्यांचं मत असतं. तानपुरा त्यांना पंखाच वाटतो. पेटीचा लांब धरलेला सूर पण ती गिळून टाकतात. ऑनलाइन क्लासला गुरुजींना पेटी ऐकू जात नाही त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

सॅम्पल रेट, म्हणजे मघाचे ते किलोहर्ट्झ, ४४.१ किंवा ४८, कुठलाही घ्या, सीडी ४४.१ वर असायची, व्हिडिओला ४८ वापरतात. पण डब्यात आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच ठेवा. ४४.१ चं रेकॉर्डिंग ४८ च्या चालीने वाजलं तर ते सुमारे नऊ टक्के पळतं आणि सूर दीड अर्ध्या-स्वरापेक्षा किंचित कमी वर जातो, म्हणजे काळी एकचा सा पांढरी दोन ओलांडून काळी दोनच्या दिशेने निघतो. ऐकताना वाटतं हा माझा आवाज नव्हेच.

आता बफर. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, बादली भरली की उचलतो. बादली २५६ सॅम्पलची असेल तर ४८ किलोहर्ट्झला ती भरायला ५.३ मिलिसेकंद लागतात, १०२४ ची असेल तर २१. जाताना एक बादली, येताना एक, शिवाय डब्याचा स्वतःचा थोडा वेळ. २५६ ला साधारण अकरा-बारा मिलिसेकंद उशीर, म्हणजे तुमचा आवाज चारेक मीटरवरच्या स्पीकरमधून ऐकण्यासारखं, चालून जातं. १०२४ ला चाळीसच्या वर, म्हणजे स्पीकर पंधरा मीटर लांब, आणि मग तान घेताना जीभ अडखळते. म्हणून रेकॉर्ड करताना बफर १२८ किंवा २५६, नंतर मिक्सिंग करताना १०२४. कमी केल्यावर टकटक, चरचर येत असेल तर लॅपटॉपला झेपत नाहीये, एक पायरी वर चढा, ब्राउझर बंद करा, वायफाय बंद करा.

ह्या सगळ्यातून पळवाट म्हणजे डब्यावरचं डायरेक्ट मॉनिटर बटण. ते दाबलं की तुमचा आवाज कॉम्प्युटरची वारी न करता डब्यातूनच कानात येतो, उशीर जवळजवळ शून्य. फक्त मग सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करायचं, नाहीतर आधी तुम्ही आणि मागून तुमचं भूत असे दोघे गाता. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला विसरा, शंभर-दोनशे मिलिसेकंद तर सहज खातात. वायरवाला, कान झाकणारा हेडफोन, म्हणजे तानपुरा कानात राहील आणि माइकमध्ये झिरपणार नाही. मी तर तानपुरा मोबाइलवरून आधी एका ट्रॅकवर घेऊन ठेवतो आणि तोच कानात लावून गातो, त्यामुळे दोन्ही इनपुट मोकळे राहतात आणि नंतर तानपुरा कमीजास्त करता येतो.

घरघर

सगळं नीट लावलंय तरी मागे हम्म्म असं चालू आहे? लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज गेला का? मग गुन्हेगार सापडला. घरच्या विजेचा ठोका ५० हर्ट्झचा, तो आणि त्याची दुप्पट-तिप्पट अशी पिल्लं आवाजात शिरतात. दोन उपकरणं दोन वेगळ्या प्लगवरून अर्थिंग घेत असतील आणि वर मधून ऑडिओची वायर जोडलेली असेल तर एक वर्तुळ तयार होतं आणि त्यातून ही घरघर फिरत राहते. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, बऱ्याचदा तेवढ्यानेच शांत होतं. जुन्या बिल्डिंगमध्ये प्लगला अर्थिंगची तारच जोडलेली नसते, ते इलेक्ट्रिशियनला बोलावून करून घ्या, आणि कोणी सांगितलं की चार्जरची मधली जाडी पिन काढून टाक घरघर जाते, तर अजिबात ऐकू नका, ती पिन शॉक लागू नये म्हणून आहे. तोपर्यंत बॅटरीवर रेकॉर्ड करा.

कीबोर्डवाल्यांसाठी थोडं

मिडी म्हणजे कीबोर्ड आणि कॉम्प्युटरने एकमेकांशी बोलायची पद्धत, तिच्या वायरीतून आवाज जात नाही. १९८३ पासून चालत आलेली ही पद्धत फक्त सांगते की कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली. सेकंदाला ३१,२५० बिट्स, बस्स, मघाशी एका माइकला साडेअकरा लाख लागत होते ते आठवा. म्हणून कीबोर्ड यूएसबीने जोडला, नोटा दिसतायत पण आवाज नाही, असं झालं तर काही बिघडलेलं नाही, सॉफ्टवेअरमध्ये एखादं वाद्य लावा म्हणजे वाजेल. कीबोर्डचा स्वतःचाच आवाज हवा असेल तर त्याच्या लाइन आउटमधून पी-३८ ने डब्याच्या लाइनमध्ये या, काही नवे कीबोर्ड यूएसबीतून आवाजही पाठवतात पण ते त्याच्या पुस्तकात बघावं लागेल. मागे यूएसबीची दोन भोकं असतील तर कॉम्प्युटरसाठी यूएसबी टू होस्ट लिहिलेलं, दुसरं पेनड्राइव्हचं. आणि जुन्या गोल पाच पिनांच्या मिडीत एकाची आउट दुसऱ्याच्या इनमध्ये, इथे उलटंच लावायचं असतं.

दुकानात काय मागायचं

पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन नुसतं माइकची वायर द्या म्हटलं तर समोरचा पी-३८ वालीच हातात ठेवेल. म्हणायचं, कॅनन मेल टू कॅनन फिमेल, पाच मीटर. मोबाइलचा तानपुरा डब्यात घ्यायला ईपी स्टिरिओ टू दोन पी-३८ मोनो. डब्यातून मॉनिटर स्पीकरला जायला पी-३८ स्टिरिओ टू पी-३८ स्टिरिओ, दोन नग, आणि इथे मोनो घेतली तरी आवाज येईल पण ते वजाबाकीचं काम बंद. तिथे समोर डाग देऊन वायर बनवून देतात, तयार वायरीपेक्षा ती बरी पडते. फक्त पिनचं टोपण उघडून बघा, कॅननच्या तिन्ही दातांना तार जोडली आहे का, कारण घाईत एक आणि तीन नंबर एकत्र जोडून देणारे पण भेटतात, आणि मग वायर दिसते बॅलन्स्ड आणि वागते साधी. भावाची ती कॅनन ते ईपी वायर मी तिथेच कापून घेतली, कॅननचं तोंड चांगलं होतं, त्याला नवी वायर जोडून आता तो त्याच माइकवर गातो.